कार्यालयामागचं रान

लग्नाचं कार्यालय बघायला गेलेला माणूस आधी स्टेज बघतो. मग जेवणाचा हॉल, नवरीच्या खोलीतला आरसा, जनरेटर चालतो का नुसता ठेवलाय, हे. बिभीषणकाका आधी पाठीमागं जायचे. आचाऱ्याच्या भट्ट्या ओलांडून, खरकट्याच्या खड्ड्याला वळसा घालून थेट मागच्या भिंतीपाशी. तिथं टाचा उचलून पलीकडं बघायचे आणि परत येऊन हळूच मला म्हणायचे, "चला साहेब, हितं न्हाय जमायचं."

मी साहेब नाही. मी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो, आणि आमच्या लोहाऱ्यात अभ्यास करणाऱ्याला लोक आधीच साहेब म्हणून मोकळे होतात, म्हणजे पुढं झाला नाही तर टोमणा म्हणून तोच शब्द वापरता येतो. माझ्याकडं मोटारसायकल होती आणि वेळ होता. या दोन गुणांवर काकांनी धाकट्या लेकीच्या, निकिताच्या, लग्नाचं कार्यालय शोधायला माझी निवड केली होती.

काका आमच्या हायस्कूलचे शिपाई. मी पाचवीत गेलो तेव्हाही होते, दहावीतून कसाबसा बाहेर पडलो तेव्हाही होते. उंच, काटक, खाकी शर्टाची वरची गुंडी कायम लावलेली. प्रार्थनेला पोरं बाहेर पडायची तेव्हा ते दारात उभे राहून ओठ हलवायचे. आम्हाला वाटायचं, जप करतात. एकदा विचारलं तर म्हणाले, "मोजतो रं. सवय हाय." कोण आलं नाही ते हजेरी घेणाऱ्या सरांच्या आधी त्यांना कळायचं.

ही सवय मेंढरांची. काकांचा जन्म मेंढपाळाच्या घरातला, आणि घरातला म्हणणंही तसं चूकच, कारण घर पावसाळ्यापुरतंच असायचं. बाकी वर्षभर वाडा. आता वाडा म्हटलं की आपल्याला दगडी भिंती आठवतात. ह्यांचा वाडा म्हणजे चार-पाच भावकीच्या घरांची मेंढरं, माणसं, कुत्री, कोंबड्या आणि सामान वाहणारं एक घोडं, असं सगळं मिळून जे चालत असतं ते. "तुमचं जन्मगाव कंचं?" म्हणून नोकरीच्या वेळी कारकुनानं विचारलं, तेव्हा काका म्हणाले होते, "आई म्हनायची, नळदुर्गाच्या अलीकडं एका बाभळीखाली." कारकुनानं लोहारा लिहून टाकलं.

एका चुलत्यानं त्यांना वसतिगृहात घातलं. दहावी झाली. शिपायाची जागा निघाली. नोकरी लागली त्या आठवड्यात त्यांनी वाट्याची मेंढरं बायकोच्या भावाच्या, धोंडीबाच्या, कळपात सोडली. विकली नाहीत, सोडली. अजूनही बोलताना "माझी मेंढरं" म्हणतात. धोंडीबा दिवाळीला आला की विचारतो, "दाजी, तुमची कंची ती एकदा दावा की, म्हंजी त्येंच्यापुरतं तरी गवत तुमच्याकडनं घेतो." काका हसतात, पण विषय बदलतात.

तर मागच्या भिंतीची गोष्ट.

थोरली लेक वर्षाराणी. तिचं लग्न झालं उमरग्याच्या बाजूला एका चांगल्या कार्यालयात. आमच्याकडं नवरीला बोहल्यावर आणतो तो मामा, आणि अक्षता पडेपर्यंत तिच्या मागं उभा राहतो तोही मामा. धोंडीबा आलाच नाही. रुसला-फुगला नव्हता. अडचण साधी होती: वाडा सगळा भावकीचा, म्हणजे सगळेच लग्नघरचे. सगळे लग्नाला गेले तर मेंढरं कोण राखणार? बायका आल्या आणि धोंडीबा रानात राहिला. वर्षाराणीच्या मागं आमचे हेडमास्तर उभे राहिले. कोट घालून आले होते, बिचाऱ्यांनी मनापासून केलं. पण मंगलाष्टकं लांबली तसं दोनदा घड्याळ बघितलं, ते व्हिडिओत आलंय.

कमलबाई, म्हणजे काकी, त्या दिवशी काही बोलल्या नाहीत. निकिताची सोयरीक जमली त्या रात्री मात्र जेवण वाढता वाढता म्हणाल्या, "एका लेकीमागं परका उभा ऱ्हायला, ते म्या गिळलं. निकीच्या मागं माझा भाऊ नसला तर म्या मांडवात यायची न्हाय. तुमचं तुमी बघा."

काकीचं हे बोलणं मला काकांनीच सांगितलं, आणि वर म्हणाले, "साहेब, ती वरडली असती तर मला भ्या वाटलं नसतं."

काकांनी तोड काढली. भाऊ मेंढरं सोडून येत नाही ना? मग मेंढरांसकट येऊ दे. कार्यालयाच्या मागं पीक निघालेलं मोकळं रान पाहिजे. शेतकऱ्यांना तर मेंढरं हवीच असतात. चार रात्री कळप रानात बसवला की लेंड्यामुताचं असलं खत पडतं की पुढच्या पिकाला काही बघावं लागत नाही. म्हणजे मेंढरं मागच्या रानात, माणसं पुढच्या मांडवात, मध्ये एक भिंत. आळीपाळीनं राखता येतं.

ही तोड ऐकायला सोपी. कार्यालयाच्या मॅनेजरला सांगायला नाही.

धाराशिवच्या एका लॉन्सवर मॅनेजर टाय लावून बसला होता. काकांनी पहिलाच प्रश्न टाकला, "मागं जागा किती हाय?"

"पार्किंगची काळजीच सोडा. किती गाड्या येतील?"

"गाड्या कमीच."

"मग?"

"मेंढरं हायेत."

मॅनेजर म्हणाला, "मटणाचं जेवण आपल्याकडं अलाऊड नाही."

"जेवायला न्हाय वो," काका दुखावले, "लग्नाला."

मी तिथून जे बाहेर पडलो ते गाडी चालू होईपर्यंत हसत होतो. काका मागं बसले. मग म्हणाले, "मानूस चांगला हुता, पर टायमुळं त्याला कळंना."

दुसऱ्या ठिकाणी कारंजं होतं, मागं प्लॉटिंग. तिसऱ्या ठिकाणी मागं एकाची पपई. काका टाचा उचलायचे, मान हलवायचे. मी म्हणायचो, "काका, एकदा स्टेज तरी बघा, त्या निकिताला फोटो पाठवायचाय." ते म्हणायचे, "स्टेज काय, स्टेज सगळीकडं असतंय."

आणि मग तामलवाडी सापडली.

सोलापूर रस्त्याला लागून नवंकोरं लॉन्स, आत विलायती गवत, दारात प्लास्टिकची कमान. आणि मागं ज्वारी निघालेलं मोठं रान, धसकटं तेवढी उभी. त्याचा मालक बसप्पा नावाचा म्हातारा बांधावरच बसला होता. बोलण्यात कानडी हेल. काकांनी मेंढरांचं काढलं तसा तो उठूनच उभा राहिला.

"मेंढरं बसवताय? आमच्या रानात? बसवा की. एक रात न्हाय, आठ रात बसवा. माणसांला जेवायला मी घालतो."

काकांनी त्याच दिवशी विसार दिला. येताना त्यांनी मला तुळजापुरात आपल्या खर्चानं भजी खाऊ घातली, यावरून त्यांचा आनंद किती होता ते समजा. निकिता धाराशिवच्या दवाखान्यात नर्स आहे. तिला फोटो गेले. तिनं उलट फोन करून विचारलं, "पप्पा, एंट्रीला धूर सोडतात का बघितलं का?" लेकीला पुढचं गवत पसंत, बापाला मागचं रान. दोघंही एकाच जागेवर खूश होते, एकमेकांकडं पाठ करून.

राहिलं होतं फक्त धोंडीबाला सांगायचं. दुसऱ्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यातून काकांनी फोन लावला, स्पीकरवर, मलाही कौतुक कळावं म्हणून.

"धोंडीबा, तामलवाडीला धरलंय बघ. तुमचा वाडा तवर तिकडंच असंल न्हवं? शिवरात झाली की तामलवाडीच्या रानातच."

पलीकडून नुसती कुत्री भुंकताना ऐकू आली. मग धोंडीबा म्हणाला, "दाजी, तुमाला कुनी सांगितलं?"

"सांगायला कशाला पायजे? माझं पाय झिजल्यात त्या वाटंनं."

"तुमचं झिजलं आसतील. त्या वाटंनं मेंढरं जाऊन जमाना झाला. मधी चौपदरी रस्ता झालाय, दुभाजकाला जाळी हाय. मेंढरू काय हात दावून थांबवतंय व्हय ट्रकला? आन् रानात समदी द्राक्षं. आमी आता ह्या दिवसांत ढोकीला असतो. कारखान्याला ऊस जातो, खोडवा मोडायचा आसला की शेतकरी बलवत्यात. हितनं तामलवाडीला कळप आनायचा म्हंजी… दाजी, तुमी इचारायचं तरी."

मोजायला उभं राहिल्यासारखे काकांचे ओठ हलले. सगळी कार्यालयं त्यांनी आपल्या लहानपणच्या वाटेवर शोधली होती, आणि ती वाट चालत असेलच, याची त्यांना इतकी खात्री होती की एक फोनसुद्धा करावासा वाटला नाही. मेव्हणा आपली मेंढरं घेऊन दरसाल कुठं जातो, हे त्यांनी एवढ्या वर्षांत विचारलंच नव्हतं. मला त्या वेळी एक टोमणा सुचला होता. मारला नाही.

घरी सांगितल्यावर काकी एवढंच म्हणाल्या, "मंग ढोकीला बघा."

ढोकीला एकच कार्यालय मनासारखं निघालं. वर पत्रे, खाली शहाबादी फरशी, स्टेजवर मागच्या कुणाच्या लग्नाचे थर्माकोलचे बदाम अजून चिकटलेले. कारखान्याकडून वारा आला की मळीचा वास. पण मागं मोडायला काढलेला उसाचा खोडवा, आणि त्याच्या पलीकडं धोंडीबाचा वाडा खरोखरच उतरलेला. काकांनी या वेळी टाचा उचलल्या नाहीत. आवाराला भिंतच नव्हती.

निकिता एक दिवस फोनवर बोलली नाही. दुसऱ्या दिवशी बोलली, "मामा येणार असंल तर पत्र्याखालीबी चालंल. आईचं तोंड बघून मला ते स्टेजवर उभं राहायचं नाही. पण पप्पा, सासऱ्याला तुमीच सांगा. मी सांगणार नाही."

सासरा म्हणजे आण्णासाहेब. निवृत्त ग्रामसेवक, धाराशिवात बंगला. जात एकच, पण त्यांच्या घरातून मेंढरं जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि ती गेली हे त्यांना चारचौघांत वरचेवर सांगावं लागायचं. आम्ही दोघं गेलो. पोहे आले. काकांनी पोह्यांना हात न लावता सगळं सरळ सांगून टाकलं: तामलवाडी रद्द, ढोकी, का ते.

आण्णासाहेब चष्मा काढून पुसत म्हणाले, "पाव्हणं, माझी माणसं काय म्हणतील? बीडीओ साहेब यायचेत. त्यांना मळीच्या वासात बसवू? आणि मागं मेंढरं वरडणार. आपण ह्यातनं वर आलोय ना?"

"तुमी आलाय," काका म्हणाले. "माझा मेव्हणा अजून हितंच हाय."

"एक दिवस कुणाच्या तरी ताब्यात द्या म्हणावं कळप. एवढं काय त्यात! लावा फोन. मी बोलतो."

काकांनी फोन स्पीकरवर लावला, आण्णासाहेब बोलतायत म्हणून सांगितलं.

"रामराम पाव्हणं," धोंडीबाचा आवाज आला.

"नमस्कार. हे बघा, मी मुलाचा बाप बोलतोय. एका दिवसाचा प्रश्न आहे. शेजारीपाजारी कुणी असेल तर त्याला राखायला सांगा, आणि तुम्ही मोकळे व्हा."

"शेजारी एकच वाडा हाय साहेब. रामहरी तात्यांचा. त्येंलाच सांगावं लागंल. पर तात्याबी लग्नाला आलं तर पुन्ना तीच पंचाईत."

"कोण रामहरी?"

"कोन म्हंजी? तुमचं चुलतं की."

चहा घेऊन आलेल्या आण्णासाहेबांच्या बायकोनं ट्रे हातातच धरून ठेवला. धोंडीबा बिचारा साध्या मनानं पुढं म्हणाला, "हितंच हायेत. बोलता का? आवं तात्या, तुमच्या आन्नाचा फोन हाय!"

"नको, नंतर…" आण्णासाहेब म्हणेपर्यंत पलीकडं एक चिरका, म्हातारा, मोठा आवाज आला. फोनवर लांबच्या माणसाशी बोलताना ओरडावं लागतं असं मानणाऱ्या पिढीचा.

"कोन, आन्न्या व्हय रं?"

आण्णासाहेब खुर्चीतून उठून उभे राहिले. पलीकडून कुणी बघत नव्हतं, तरी फोनपुढं, शाळेत नाव पुकारल्यासारखे.

"व्हय तात्या."

"पोराचं लगीन धरलंयस म्हनं. धोंडीबाकडनं कळालं. लई ब्येस झालं. पोरगी गुनाची हाय, तिच्या मामाला म्या वळखतो. तू घोर लावून घिऊ नको. ह्यो धोंडीबा येईल लग्नाला, त्येची मेंढरं म्या राखतो. मला काय, म्हातारा मानूस, हितंच बसून आयकतो माईकवरनं. त्येवढं ऐकू यील न्हवं?"

आता बघा, सगळ्यांचं भलं झालं होतं. धोंडीबा मोकळा, तामलवाडीचं लॉन्स मोकळं, बीडीओ साहेबांच्या नाकाचा प्रश्न सुटला. आण्णासाहेबांनी नुसतं "बरं तात्या" म्हणायचं होतं. तामलवाडीहून ढोकीला माईक ऐकू जात नाही, हे तात्याला कुणी सांगायचीही गरज नव्हती.

आण्णासाहेबांनी पुसलेला चष्मा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "तात्या, तुम्हाला यायचंय. पत्रिका घेऊन मी येतो उद्या."

"आरं पर मेंढरं?"

"लग्न ढोकीलाच हाय."

फोन ठेवून ते खाली बसले आणि लगेच कडक आवाज काढला, "पण पाव्हणं, घोडा पायजे म्हणजे पायजे. वाड्यातला नव्हे, वरातीचा." ग्रामसेवकाच्या बोलण्यात तेवढ्यात दोनदा 'पायजे' आलं होतं, ते त्यांच्या लक्षात आलं नाही. काकांनी पोह्यांची ताटली ओढली आणि आमचे दोघांचे मिळून एकट्यानं संपवले.

लग्न भर उन्हाळ्यातलं. तुम्हाला वाटत असेल की आता मेंढरं मांडवात घुसली आणि एकच गोंधळ उडाला. मलाही तशीच आशा होती, मी तर मोबाईल चार्ज करून ठेवला होता. तसलं काही झालं नाही. दोन्ही कळप मागच्या रानात शहाण्यासारखे बसून होते. उलट धाराशिवची पाहुणेमंडळीच मागं जाऊन कोकरं कडेवर घेऊन फोटो काढत होती. बीडीओ साहेब आलेच नाहीत, त्यांची मीटिंग होती. रामहरी तात्यांना पुढच्या रांगेत खुर्ची दिली, तर ते थोडा वेळ कडेकडेला बसले आणि मग खाली सतरंजीवर उतरले. आण्णासाहेब दोनदा त्यांना उचलून खुर्चीत बसवून गेले. तिसऱ्यांदा स्वतःच शेजारी सतरंजीवर बसले, पाय दुखतात म्हणून.

निकिता आली. धोंडीबा तिच्या मागं उभा राहिला. नवं धोतर, कोरा फेटा, हात कुठं ठेवावेत ते कळत नव्हतं म्हणून पाठीमागं बांधलेले. आमच्याकडं आईनं लेकीच्या अक्षता बघायच्या नसतात. काकी खांबाआड उभ्या होत्या. पण खांब बारीक होता आणि काकींची नजर लेकीवर नव्हतीच. त्या भावाकडं बघत होत्या.

अंतरपाट धरला. मंगलाष्टकं सुरू झाली. राखणीच्या पाळ्या ठरलेल्या होत्या, पण अंतरपाट धरला म्हटल्यावर रानातला प्रत्येक गडी "आता दुसरा असंल" म्हणत हळूच आत आला होता. हे फक्त एकाच्या लक्षात आलं. काका दारात उभे राहून, सवयीनं, माणसं मोजत होते. दोन्ही वाड्यांतले सगळे भरले. म्हणजे मागं कुणी नाही.

ते मागच्या खिडकीशी गेले. मीही गेलो. कळप उठला होता. पुढची मेंढरं शेजारच्या बांधाला लागली होती, आणि बांधापलीकडं कुणाच्या तरी नव्या लावणीचा ऊस, हिरवागार.

धोंडीबानं एक हाळी दिली असती तर कळप जागेवर थांबला असता. काकांनी स्टेजकडं बघितलं. धोंडीबाकडं, मग खांबाकडं. मग चपला तिथंच सोडून, अक्षतांची मूठ तशीच धरून, मागच्या दारानं बाहेर पडले.

मी मागं. ऊन असं की ढेकळं पायाला चावत होती. काकांनी बांधावर जाऊन दोन्ही हात पसरले, लहानपणच्या सगळ्या हाळ्या देऊन बघितल्या. मेंढरं त्यांच्याकडं बघायची आणि बाजूनं जायची. त्यांना हा आवाज ओळखीचा नव्हता. शेवटी त्यांनी डोक्यावरचा फेटा सोडला आणि तो फडफडवत एकेकीला मागं वळवायला लागले. माईकवरून "सावधान" यायचं, आत अक्षतांची सर पडल्याचा आवाज यायचा, आणि नवरीचा बाप रानात फेटा हलवत उभा.

शेवटचं कडवं झालं. बँजो वाजायला लागला. काकांनी तेव्हा मुठीतल्या अक्षता कार्यालयाच्या दिशेनं फेकल्या. रंगवलेली ज्वारी ती, फार तर दहा पावलांवर पडली. बांधावरनं चार मेंढरं वळून आली आणि वेचून खायला लागली. त्यांच्या मागं बाकीची. बांध मोकळा झाला.

काकांनी घाम पुसला. "धोंडीबा हलला न्हाय न्हवं जाग्यावरनं?"

"न्हाय काका. शेवटपर्यंत उभा होता."

"हिनं बघितलं?"

"काकीनं दुसरं काहीच बघितलं नाही."

त्यांनी मान हलवली. फेट्याचा बोळा काखेत मारला. तेवढ्यात माईकवर भटजी ओरडायला लागले, "मुलीचे वडील! कन्यादानाला मुलीच्या वडिलांनी ताबडतोब यावं!"

"साहेब, तुमी थांबा हितं," काका म्हणाले. "उसात जाऊ देऊ नका. आन् काय झालं तरी पळू नका. आपन पळालं की मेंढरं बिचकत्यात."

एवढं सांगून ते स्वतः मात्र धोतर वर खोचून, अनवाणी, ढेकळांतून पळत सुटले.